हवा मोजायची तर धूळ हवी

विमान किती वेगानं चाललंय हे कळायला त्याच्या नाकाशी एक नळी असते. तिच्यात बर्फ साचला, किडा अडकला, की वेगाचा आकडा खोटा. म्हणून मी नळीऐवजी लेझरवर चालणारं यंत्र बनवत होते. हवेतल्या बारीक कणांवर उजेड आपटतो, परत येतो आणि कण किती जोरात पळतायत ते सांगतो. वर आभाळातही असे कण असतातच, आणि नगर जिल्ह्यात तर धुळीला काय तोटा! कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमधला मोठा पंखा अंगणातली हवा लाकडी बोगद्यातून ओढायचा आणि माझं यंत्र बोगद्यात बसवलेल्या तसल्याच नळीच्या बरोबरीनं आकडे द्यायचं.

मग यंत्र तपासायला समिती येणार असं ठरलं. त्यांनी मान डोलावली तर यंत्र खऱ्या विमानावर चढणार, नाहीतर सगळं गुंडाळायचं. प्राचार्यांना मी बजावलं, "सर, शेडच्या आसपास झाडूसुद्धा नको." ते म्हणाले, "मॅडम, निश्चिंत राहा."

त्या सकाळी सावेडीहून स्कूटरवर पोचले तर अंगणात चिखल. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे टँकर मारायचा, रांगोळी काढायची आणि असलेली अक्कलही धुऊन टाकायची. शिपाईमामा छाती फुगवून म्हणाले, "सायबांनीच सांगितलं, मॅडम. भिंतीबी धुतल्या. धुळीचा कण घावायचा न्हाई!"

पंखा सुरू केला. नळीचा आकडा चढला, माझ्या यंत्राचा पडदा कोरा. समितीतले थोरले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचं विमान जागेवरच उभं दिसतंय." सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं? आमचे प्राचार्य! असा संताप आला म्हणता!

शेडमागच्या बांधापर्यंत टँकरचं पाणी पोचलं नव्हतं. तिथली पिठासारखी माती ओंजळीत भरून आणली आणि बोगद्याच्या तोंडाशी भिरकावली. दुसऱ्या टोकाला, जिथून हवा बाहेर पडते, तिथं पाहुणे उभे होते. हे मला ठाऊक नव्हतं असं मी मुळीच म्हणणार नाही.

एकच गिल्ला झाला. शिंका, खोकला, "अहो पाणी आणा!" प्राचार्य तर सत्काराच्या शालीनंच पाहुण्यांचे कोट झटकायला लागले. आणि पडद्यावर आकडा उमटला, नळीच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा.

"आला! बघा, आला!" मी ओरडले.

सगळे डोळे चोळत होते. त्यांनी ते उघडले तेव्हा धूळ निघून गेली होती आणि पडदा कोरा होता.