काळजाकडचा हात

बाईंनी बिल्ला ताटलीत टाकला, ताटली माझ्या पायांपुढं जमिनीवर ठेवली आणि लांबूनच नमस्कार केला. माझा डावा हात तसाच हवेत.

कोल्हारच्या आमच्या शाळेत मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गाईडचं पथक निघालं. पथकाच्या बाई गोड बोलायच्या. इतक्या, की मुंग्या लागाव्यात. त्यांनी शिकवलं, साऱ्या गाईड एकमेकींच्या बहिणी; गाईड गाईडला भेटली की डावा हात मिळवते, कारण तो काळजाकडचा. मुली फिदीफिदी हसल्या. डाव्या हाताचं काम काय, हे साऱ्यांना ठाऊक. बाई म्हणाल्या, कुठलाच हात विटाळाचा नसतो. वा! मी घरी येऊन आईचा, बापाचा, शेजारच्या म्हातारीचा डावा हात हलवून हलवून खिळखिळा केला.

मग गाईड होण्याचं वचन घ्यायचा दिवस आला. नदीकाठी मांडव. नगरहून पाहुण्याबाई मोटारीनं आलेल्या. आधी सर्वधर्म प्रार्थना. आमच्या घरात बुद्धाची तसबीर. पण वंदना मिळाली पाटलाच्या पोरीला. माझे उच्चार अशुद्ध, म्हणे. तिनं घसा खाकरून माझा बुद्ध आळवला. मी मांडवाबाहेर चपला राखत ऐकला.

वचन मात्र एकेकीनं घ्यायचं होतं. घेतलं. बाई प्रत्येकीच्या छातीवर बिल्ला लावत, डावा हात मिळवत पुढं सरकत होत्या. महारवाड्यातली मी एकटी. माझ्यापाशी आल्या, आणि ती ताटली.

"उचल गं. हात खाली घे."

"तुमीच शिकवलंय, बाई. काळजाकडचा हात हाय."

पाहुण्याबाई घड्याळ बघू लागल्या. रांग अडली. बाईंनी आवाज अगदी मऊ केला.

"आज माझा गुरुवार आहे. समजून घे ना."

"मग मी शुक्रवारपर्यंत उभी ऱ्हाते."

मांडवात कुणीतरी फसकन हसलं. बाईंचा चेहरा असा झाला, की आजही सांगताना मला गुदगुल्या होतात. पण त्या पुढच्या मुलीकडं गेल्या. झेंडा उतरला. फोटो निघाला. साऱ्या बहिणी लाडू खायला धावल्या. मी हात पुढं करून उभी. एकही बहीण आली नाही.

शुक्रवार आला नि गेला. बिल्ला मी उचलला नाही.

आता केस पिकले. सभेत, लग्नात 'आपण सारे एकच' म्हणणारं कुणी भेटलं, की मी मुद्दाम डावा हात पुढं करते. कुणाला एकदम काम आठवतं. कुणाचे दोन्ही हात आपोआप जोडले जातात. जोडू देत. अवघडायचं तर त्यांनी अवघडावं. हात मागं मी घेणार नाही.