जी सरावाला येईल, ती खेळेल

सामना चालू असताना चेगू तोंडातून शब्द काढत नसत. समोरच्या कॉलेजचा कोच रेषेवर येरझारा घालत घसा फोडायचा आणि आमच्या चेगू डोक्यावरचा रुमाल नीट करून बाकावर गप्प बसायच्या. जे सांगायचं ते सरावात सांगून झालं, आता मैदान मुलींचं, असं त्यांचं म्हणणं. चेगू म्हणजे मलय भाषेत गुरुजी. इथे सिंगापुरात बाईंनाही तेच म्हणतात. माझी नात सई त्यांच्या फुटबॉल टीमची कॅप्टन होती.

मी बुकित पंजांगला मुलाकडे राहते. एकदा सईचा डबा द्यायला मैदानावर गेले आणि मग जातच राहिले. झाडाआड उभी राहायची. चेगूंनी मला दुसऱ्याच दिवशी हेरलं. एक खुर्ची आणून सावलीत ठेवली. मला त्या नेनेक म्हणायच्या, म्हणजे आजी.

एकदा भर उन्हात मी त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू नेले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि झाकण न उघडताच पिशवीत ठेवला. सई माझ्या कानाशी लागली, "आजी, त्यांचा रोजा आहे. पाणीपण नाही प्यायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेगू मात्र हसल्या आणि सईकरवी मला सांगितलं, की संध्याकाळी रोजा याच लाडवाने सोडीन. मग मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारायला गेल्या. पन्नाशीची बाई, पोटात घोटभर पाणी नाही, आणि सगळ्यांच्या पुढे. मी बघतच राहिले.

त्यांचा नेम एकच होता. जी सरावाला येईल ती सामन्यात खेळेल, थोडा वेळ का होईना. पहिल्याच दिवशी आईवडिलांना बोलावून त्यांनी हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. टीममध्ये मेई नावाची चिनी मुलगी होती. तिला लगेच धाप लागे, चेंडू पायाखालून निसटे. पण सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. चेगू तिला प्रत्येक सामन्यात शेवटी उतरवत. तोवर टीम जिंकलेली तरी असे नाहीतर हरलेली, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

मग शेवटचा सामना आला. बरोबरी राखली तरी मुली पुढच्या फेरीत जाणार होत्या. त्या कॉलेजात असं कधी घडलं नव्हतं. दोन्हीकडे एकेक गोल झालेला, थोडाच वेळ उरलेला, आणि मेई अजून बाकावर. माझा मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, "आज नाही उतरवणार. एवढी वेडी नाही ती बाई."

चेगू उठल्या. सई आणि मेई दोघींची जागा बचावातली. त्यांनी सईला बाहेर बोलावलं आणि मेईला आत पाठवलं.

चेंडू नेमका मेईच्या बाजूने आला. ती जिवाच्या आकांताने धावली, पण पोचली नाही. गोल झाला, शिट्टी वाजली, सगळं संपलं.

मेई गवतावरच बसली होती. चेगू आधी तिच्याकडे गेल्या, तिला उठवलं आणि तिचा हात धरून समोरच्या मुलींशी हात मिळवायला नेलं. मग आपल्या मुलींना म्हणाल्या, "गोल टीमवर होतो. एकीवर होत नाही."

सईने घरी ताटाला हात लावला नाही. "चेगूने फेकून दिली मॅच lah, आजी," इथल्या सवयीचं ते "lah" लावून एवढंच बोलली. माझ्या मुलाने कॉलेजकडे तक्रार केली, इतरांनीही केली. कॉलेजने चेगूंना पुढे कामावर ठेवलं नाही.

त्या मैदानावर निरोप घ्यायला आल्या त्या दिवशी मी सईबरोबर होते. तिने सरळ विचारलं, "आपण हरू हे आधी माहीत असतं, तरी मेईला उतरवलं असतं का?" त्यांचं उत्तर सईने मला तिथेच मराठीत सांगितलं.

"माहीतच होतं. बाकावर माझे पाय थरथरत होते. म्हणून तर पटकन उठले. आणखी जरा बसले असते, तर उठलेच नसते."

मला वाटलं होतं, या बाईला भीती ठाऊकच नाही. तशी असती तर मला तिचं एवढं काही वाटलं नसतं.

चेगूंच्या खांद्यावरची जड बॅग सईने उतरवून आपल्या खांद्यावर घेतली आणि त्यांच्याबरोबर बस स्टॉपकडे चालू लागली.