बेटात हात घालू नको

आमच्या तळा गावाच्या एसटी स्टँडवर बस लागली तरी आई माझी पिशवी सोडेना. कंडक्टर घंटी मारायच्या घाईत, बाबा खिडकीतून माझी सॅक आत कोंबतायत, आणि ही बाई पिशवीचा एक बंद धरून उभी. शेवटी म्हणाली, "बेटात हात घालू नको हां. चापडा असतो." मग सोडली.

अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी बसमध्ये एकटीच हसत सुटले. लक्षद्वीपला चाललेय, एका बेटावर, प्रवाळाची पाहणी करायला, स्वयंसेवक म्हणून, असं मी घरात किती दिवस घोकत होते. आईने त्यातला ओळखीचा एकच शब्द धरून ठेवला होता. आमच्याकडे बेट म्हणजे घरामागचं बांबूचं बेट. हिरवा चापडा साप त्यातच पानांच्या आड पडून असतो. पोरगी कुठल्या तरी मुलखात बांबूत राहायला चाललीय, तीही बिनपगारी, अशी तिची समजूत होती. आणि तरी तिने मला जाऊ दिलं. हे लक्षात आलं तेव्हा हसू थांबलं.

कोचीला बोटीत चढण्याआधी फोन करून सांगितलं, की चारी बाजूंनी पाणी असतं ते बेट. "मंग जंजिरा म्हण की सरळ," आई म्हणाली. "नि जंजिऱ्यात कोन ऱ्हातं गं? वाघळं." दिघीहून आगरदांड्याला खाडी ओलांडून फेरीबोटीने जाताना समोरचा धक्का दिसत असतो, तरी डोळे मिटून बसणारी बाई ही. तिला पाण्यातलं बेट पटवणं सोपं नव्हतं.

इकडे पहिल्याच दिवशी आमच्या टीमलीडरने पहिला नियम सांगितला. प्रवाळाच्या कपारीत हात घालायचा नाही, आत वाम असते, सापासारखा लांबडा मासा, बोट तोडते. मी लगूनमध्ये कमरेइतक्या पाण्यात उभी, तोंडात स्नॉर्कल, आणि कानात आईचा आवाज. बाकीचे स्वयंसेवक विचारायला लागले, ही का हसतेय?

मग राहिलेच. काही महिन्यांसाठी आलेली मी. संस्थेने पुढे कामावर ठेवून घेतलं आणि आईला शेजारीपाजारी सांगायला पगार हा शब्द मिळाला. पाण्याखाली मोजायची फीत अंथरायची, कुठलं प्रवाळ जिवंत, कुठलं पांढरं पडलं, ते प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. बाबा शाळामास्तर. म्हणाले, शिकून शिकून शेवटी पाटीच का? माझ्या घरमालकिणीला सगळं बेट उम्मा म्हणतं, म्हणजे आई. ती माशात नारळ वाटून घालते, मी गुपचूप आमसूल टाकते. उम्मा नाक मुरडते आणि परत वाढून घेते.

गेल्या वर्षी वादळ आलं. आम्ही सगळे शाळेच्या इमारतीत बसलो होतो. माड पडले, मोबाईलचा टॉवर पडला, माणसं वाचली. सकाळी ऊन पडलं तेव्हा मी उम्माच्या गळ्यात पडून नाचले. दुपारी कोणाच्या तरी रेडिओवर ऐकलं, वादळ उत्तरेला सरकलंय, रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार. आमचं कौलारू घर, उघड्यावर. जे माझ्यावरून गेलं तेच आता आईबाबांवर चाललं होतं आणि मी सकाळी नाचले होते. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

फोन लागेना, ना इकडून ना तिकडून. लोक जाळी सुकवत होते, पत्रे ठोकत होते, आणि मी जेटीवर जाऊन फोन उंच धरून उभी राहायची. जेवण उतरत नव्हतं. उम्मा भाताची कांजी घेऊन जेटीवर यायची, शेजारी बसायची.

टॉवर उभा राहिला त्या दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला. आईने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. "तुझं बेट हाय ना गं?"

मी म्हटलं, "हाय. आई, आपलं?"

"आपलंबी हाय. कौलं उडाली, आंबा पडला. बेट पार भुईला टेकलं नि परत उभं ऱ्हायलं. त्याच्या आडोशाला भिंत वाचली बघ." मागून बाबांचा आवाज आला, "जेवली का इचार तिला." मी जेटीवर बसकण मारली आणि मोठ्याने रडले. असं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी उम्माने वाढलेलं सगळं खाल्लं, आमसूल न घालता.

गावी राहिलेले तुम्ही गाववाले विचारता, कायमची कधी येणार? पनवेल-मुंबईला गेलेले विचारता, तिकडे करमतं कसं? पूर्वी मी काहीतरी थापा मारायची. आता उत्तर सोपं आहे. जिथली खुशाली कळेपर्यंत घास उतरत नाही, ते माझं घर. अशी दोन आहेत, आणि दोन्ही जागेवर आहेत.

यंदा सुट्टी संपवून निघाले तेव्हा तळ्याच्या स्टँडवर आईने परत पिशवी धरली.

"तुमच्या त्या बेटात चापड्यासारखं काय असतं गं?"

"वाम असते. कपारीत."

"वाम? ती तं आपून खातो."

"तिकडची चावते, आई."

तिने जरा विचार केला. "मंग हायच की," म्हणाली. "हात घालू नको." आणि पिशवी सोडली.