बरोबर निम्मं झाकण

सोळा वर्षांनी मी पुन्हा नोकरीला लागले ती एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या शब्दावर. पूर्वी मी एका फौंड्रीत ड्रॉइंग काढायचे, बोर्डावर, पेन्सिलीनं. मिस्त्री तिथं लाकडाचे पॅटर्न बनवायचे. त्या पॅटर्नवरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात लोखंड ओततात. मला जे काही येत होतं त्यातलं निम्मंअधिक त्यांनीच शिकवलेलं. पुढं मुली झाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि बोर्ड सुटला. सासूबाई गेल्या तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. मिस्त्री आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. ही पोरगी रेघ चुकत नाही, असं त्यांनी मालकांना सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला पोरगी म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

अट एकच, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचं. म्हणून राजारामपुरीतल्या एका क्लासला दोन महिने गेले. वर्गात सगळी माझ्या मुलींच्या वयाची. शिकवणाऱ्या बाई भराभर बोलायच्या आणि मध्येच कळलं ना म्हणून विचारायच्या. मी मान हलवायचे. काही म्हणता काही कळलेलं नसायचं तरी हलवायचे. विचारलं असतं तर काय झालं असतं? चार पोरं हसली असती. मला तेवढंही सोसवत नव्हतं. घरी मुलींनाही ठोकून दिलं, सोपं आहे गं, बोर्डासारखंच.

तिथंच घात झाला. बोर्डावर मोठी वस्तू कागदात मावत नाही, म्हणून आम्ही ती निम्म्या मापानं काढायचो आणि खरं माप बाजूला हातानं लिहायचो. कारागीर आकडा वाचतो, रेघ मोजत बसत नाही. कॉम्प्युटरवर मात्र वस्तू जेवढी आहे तेवढीच काढायची असते. हे क्लासमध्ये नक्की सांगितलं असणार. मी तेव्हा मान हलवत असणार.

कामावर पहिलं मोठं ड्रॉइंग आलं ते पंपाच्या झाकणाचं, चारशे मिलिमीटर व्यासाचं. मी सवयीनं निम्मं काढलं. कॉम्प्युटर माप आपोआप दाखवतो. त्यानं दोनशे दाखवलं. मला त्याचाच राग आला. तो आकडा पुसून मी चारशे टाइप केलं. आकडा असा पुसता येतो हे माझं मीच शोधून काढलं होतं, आणि त्या दुपारी डबा खाताना मी स्वतःवर भलतीच खूश होते. छापलेला कागद मिस्त्रींनी पाहिला आणि बरोबर आहे म्हणाले.

पण आता तिथं पॅटर्न हातानं होत नव्हते. लाकूड कापायला मशीन होतं, आणि मशीन कागद वाचत नाही, फाइल वाचतं, आणि तीतही आकडा नव्हे, रेघ. त्यावर उचगावचा एक ऑपरेटर होता, दोन लेकरांचा बाप, महिन्यापूर्वीच लागलेला. त्यानं फाइल लावली. दुसऱ्या दिवशी टेबलावर परातीएवढं लाकडी झाकण यायचं ते ताटलीएवढं आलं.

बघताक्षणी मला कळलं. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं? माझ्या हातात कागद होता आणि कागदावर चारशे होतं.

"ड्रॉइंगमध्ये चारशेच आहे," मी म्हणाले. "फाइल मशीनवर घेताना काहीतरी झालं असेल."

यातलं पहिलं वाक्य तरी खरं होतं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ऑपरेटर बिचारा कधी माझ्याकडे बघे, कधी मशीनकडे. त्याला स्वतःचीच खात्री नव्हती. मालकांनी त्याला मशीनवरून काढलं आणि मागच्या शेडमध्ये कास्टिंग घासायला पाठवलं.

सगळे गेल्यावर मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढून झाकणावर ठेवली.

"पोरी, मशीन चुकलं तर कसंबी चुकतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "बरोब्बर निम्मं चुकत न्हाय."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मला मशीनचं काय कळतंय, असं म्हणून मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं. त्यांनी पट्टी पुसली आणि खिशात ठेवली.

पाच दिवस तो ऑपरेटर कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसायचा. केसांत लोखंडाची धूळ. उतरताना मला वाट द्यायचा. सहाव्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. त्यांनी फोनवरून नजर काढली, अहो, मग त्याच दिवशी सांगायचं की, नवीन माणूस चुकणारच, एवढंच म्हणाले आणि ऑपरेटरला मशीनवर परत बोलावलं. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी एका माणसाला पाच दिवस धूळ खायला लावली. त्याची माफी मागितली, तर तोच अवघडला.

मग मिस्त्रींकडे गेले. ते पॅटर्नला पॉलिशपेपर मारत होते. मालकांना खरं सांगितलं, असं मी त्यांना म्हणाले. त्यांचा हात थांबला नाही.

"बरं केलासा, मॅडम."

आता मी वस्तू जेवढी असते तेवढीच काढते आणि अडलं की मुलीएवढ्या पोरींनाही विचारते. मिस्त्री रोज माझी ड्रॉइंगं बघतात. आधी कागद बघतात, मग माझ्या स्क्रीनजवळ येऊन फाइलमधलं माप स्वतःच्या डोळ्यांनी तपासतात.