गवतावरची चोपन्न घरं

नोव्हा स्कोशियातल्या आमच्या पेल्टन मिल्समध्ये व्हर्ना क्राउस एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवत होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शिट्टीवर धावलेली, त्यात मीही आलो. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी रस्त्यात भेटल्या की आम्ही पोट आत घेतो.

त्यांच्या घरासमोर दोन एकर गवत आहे. तिथं तीन मजली इमारती होणार, चोपन्न घरं, अशी नोटीस पोस्टात लागली आणि आमच्या अकरा घरांच्या गल्लीत हलकल्लोळ झाला. गल्ली पुढे बंद. यायला-जायला एकच रस्ता. चर्चच्या तळघरात सभा भरली. गाड्या, गटारं, शाळेतल्या जागा, कोणाची समुद्राकडची खिडकी. बोलून बोलून सगळे दमले, तेव्हा क्राउसबाई उठल्या.

"नुसतं 'फार होतात, फार होतात' काय करताय? चोपन्न म्हणजे किती, ते नगर परिषदेला डोळ्यांनी दिसू दे!"

जूनमधल्या एका शनिवारी त्यांनी शाळेतून मैदान आखायचं फक्कीचं यंत्र आणलं. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि नकाशा बघून गवतावर अठरा घरं आखली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं.

"बाई, ही अठराच झाली. वरचे दोन मजले?"

"एका चौकटीत तीन बिऱ्हाडं उभी करायची. जेवढी दाटी दिसेल तेवढी बरी. आणि टेप ताण नीट, सातवीतही असाच ढिला होतास."

गावभर सांगावा गेला होता: रविवारी दुपारी निषेधाला या, घरटी दोन-तीन माणसं हवीत. दीडशे आली. बाई शिट्टी फुंकून एकेकाला चौकटीत सोडत होत्या. पाच मिनिटांतच गोंधळ सुरू झाला.

"ओ, माझ्या घरात कुठं शिरताय?"

"तुमच्या कुठं? मी दुसऱ्या मजल्यावर आहे. तुमच्या डोक्यावर!"

"मग पाय आपटू नका!"

म्हातारे एल्डन मॉसमन कानाने कमी. ते घडीची खुर्ची घेऊन थेट कोणाच्या तरी न्हाणीघरात जाऊन बसले. ते कुठं बसलेत हे ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "असू दे, दार लावून घ्या." त्यावर आसपासच्या तिन्ही मजल्यांना हसू आवरेना. कोणी लॉबस्टर भरलेले पाव आणले होते, ते भिंतींवरून इकडून तिकडे जायला लागले.

तेवढ्यात टेस आली. मासळीच्या कारखान्यात कामाला, चाळीस किलोमीटरवर आईबरोबर एका खोलीत राहणारी. सोबत आई, आणि हातात स्वतःचा टेप.

"बाई, आज घरं वाटणार आहेत ना? मला तळमजला हवा. आईचे गुडघे..."

"अगं, घरं नाहीत ती! निषेध आहे हा!"

"हो का," टेस म्हणाली. मग टेप उघडत, "पण बघू का जरा?"

बाई तिला बारा नंबरात घेऊन गेल्या. मी बघत होतो. टेसने फ्रीजची जागा मापली, पलंगाची मापली. आईला खिडकीशी उभं केलं. बाईंनी कंबरेवर हात ठेवून दोनदा मान हलवली आणि म्हणाल्या, "पलंग त्या भिंतीला लाव. इथं दार आपटेल." मग स्वतःच चमकल्या आणि उगीचच जोरात शिट्टी फुंकली.

वरून फोटो काढायचा म्हणून आगीचा बंब सकाळीच आणून उभा केला होता. नगरसेवक थिबोडो शिडीवर चढले. खाली बघून ओरडले, "व्हर्नाबाई, यातले विरोधक कोणते?"

दीडशे माणसांनी एकदम हात हलवले. जत्राच होती ती.

आणि नेमका त्याच वेळी बंबवाल्यांना फोन आला. बाजारातल्या बेकरीतून धूर निघतोय! थिबोडो घाईघाईने उतरले, बंब सुरू झाला आणि वीस पावलांवर थांबला. गल्लीत दोन्ही बाजूंना निषेधाच्याच सत्तर गाड्या लागलेल्या.

"दिसलं?" बाई अक्षरशः उड्या मारायला लागल्या. "दिसलं का आता? हेच, हेच म्हणत होते मी!" आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी एकेक गाडी उलटी काढायला लावली. बंब बाजारात पोचला तेव्हा तिथं एक करपलेला केक आणि लाजलेला बेकर एवढंच उरलं होतं.

मंगळवारी सुनावणी झाली. वीसच्या वर एक घर नको, असं ठरवून आमची गल्ली पहिल्या रांगेत बसलेली. बाई माइकपाशी गेल्या.

"घरं बांधा," त्या म्हणाल्या. "पण आधी दुसरा रस्ता. रस्ता होईपर्यंत एक वीटही नको."

"व्हर्ना!" आमच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं. "तू कोणाच्या बाजूची?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागून मॉसमन मोठ्याने विचारत होते, "ती काय म्हणाली? मला न्हाणीघर मिळालं का?" सभागृहात हशा पिकला. बाई माइकला धरून इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं.

दुसऱ्या रस्त्यापायी सहा घरं कमी झाली. अठ्ठेचाळीस मंजूर झाली. गल्लीतली दोन घरं बाईंशी महिनाभर बोलत नव्हती. बाईंना त्याचं काही नव्हतं. रस्त्याची खडी पडायला लागली तशा त्या रोज सकाळी तिथं जाऊन मजुरांना वाकायचं कसं ते शिकवत होत्या, म्हणजे कंबर धरणार नाही.