कऱ्हाडचा अर्धा र

माझ्या वडिलांनी, आमच्या दादांनी, उंब्रजच्या हायवेवर जन्मभर ट्रकांवर नावं रंगवली. विहाराच्या कमानीवरची अक्षरंही त्यांचीच. नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत एक संगणक मांडून प्रोग्रॅम लिहायला बसले, तेव्हा ते म्हणाले, "लिवायचंच काम? म्हंजी तू बी पेंटरच की." मला रागच आला. एवढं शिकून पेंटर?

माझा एक प्रोग्रॅम बरा चालत होता. शाळा सोडल्याचा दाखला तो मराठीत छापायचा. उंब्रजपासून सांगलीपर्यंत नऊ शाळांनी तो घेतला होता आणि त्या नऊ शाळांवरच माझी खोली उभी होती. प्रोग्रॅम माझा, पण मराठी अक्षरं एका मोठ्या कंपनीची. वर्षाचा परवाना घ्यायचा आणि अक्षरं आपल्या प्रोग्रॅमसोबत कितीही जणांना द्यायची, असा त्यांचा नियम होता.

त्या अक्षरांत एक खोट होती. कऱ्हाडमधला आडवा अर्धा र त्यांच्याकडे नव्हताच. 'हा'च्या डोक्यावर रफार बसायचा आणि 'कर्हाड' छापून यायचं. उंब्रजचे हेडमास्तर तालुक्याच्या नावापाशी थांबत, खिशातलं पेन काढत, रफार खोडून हाताने र घालत. दाखल्यावर खाडाखोड झाली म्हणून शेजारी एक सही आणि खाली दुसरी. मी समोर मान खाली घालून बसायची.

कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं, पण त्यात र नव्हता, नवा नियम होता. यापुढे प्रत्येक संगणकाला कंपनीचं वेगळं लॉक घ्यायचं, म्हणजे प्रिंटरच्या वायरीत अडकवायची काडेपेटीएवढी डबी. ती नसेल तर मार्चअखेर अक्षरं काढून टाकायची. डबी माझ्या अख्ख्या प्रोग्रॅमपेक्षा महाग होती.

मी फोन केला. तिकडचा माणूस गोड बोलत होता. "मॅडम, मोठ्या ग्राहकांची काही तक्रार नाही."

"आणि कऱ्हाडचं काय?"

"हिंदीत तर चालतं."

हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, लॉकबिक आमच्यानं व्हायचं न्हाई. आमी आपलं परत हातानं लिवू." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण एक शाळा गेली की बाकीच्या आठ जायला वेळ लागणार नव्हता. मी हट्टाला पेटले, आता अक्षरं आपणच काढायची. आलेखाच्या वह्या घेतल्या आणि उंब्रजची एस.टी. पकडली.

दादांपुढे वही ठेवली. उभ्या चोवीस चौकटी, त्यात एक अक्षर. काळी केलेली चौकट म्हणजे प्रिंटरचा एक ठिपका.

"एवढंच?" ते म्हणाले. "ट्रकच्या फाळक्यावर मालकाचं आख्खं खानदान बसवलंय म्या."

ते पेन्सिलीने वळण काढायचे, मी चौकटी काळ्या करायची आणि त्यांचे आकडे करून संगणकात भरायची. बाकीची अक्षरं भराभर झाली. अर्धा र मात्र अडून बसला. मी छापून आणला की दादा चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरायचे. "ही कोर न्हाई, खिळा हाय. परत." त्या एका 'र'साठी मी सात वेळा सातारा-उंब्रज केलं. चिडले, भांडलेसुद्धा. पण सोडलं नाही.

मार्च संपायच्या आत मी उंब्रजच्या शाळेत नवा दाखला छापला. हेडमास्तरांनी सवयीने पेन काढलं, तालुक्याच्या नावापाशी येऊन थांबले. कागद उजेडात धरला. मग पेन तसंच खाली नेलं आणि एकदाच सही केली.

"कंची कंपनी म्हणायची ही?" त्यांनी विचारलं.

"कंपनी न्हाई, सर," मी म्हणाले. "आमच्या घरात दोन पेंटर हायत."