चांगली प्लेट काहून फोडाची?

"एवढी चांगली प्लेट काहून फोडाची?"

हा प्रश्न मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा मोठ्याने, चारचौघांत, आणि जिथे विचारायचा नाही नेमका तिथेच. दुसऱ्या वेळी प्लेटच्या जागी वेगळी वस्तू होती, एवढाच फरक. उत्तर एकदाही मिळालं नाही.

दादाची तेरवी झाली, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला आणि मी कळमन्याच्या बाजारात कामावर परत आलो. वाटलं होतं, सगळे गप्प राहतील. पण टपरीवर चहा हातात येत नाही तोच कोणीतरी म्हणतो, "छोटू, तो आइस्क्रीमवाला किस्सा सांग ना बे!" एक सांगितला की दुसरा आठवतो. खरं तर आम्ही बाहेर जेवलो मोजकंच. किस्सेच जास्त झाले.

आम्ही तिघंही संत्र्याच्या बाजारातले. दादा माल निवडायचा, आमचा दोस्त बबलू टेम्पो चालवायचा आणि मी क्रेट उचलायचो. आठवीत शाळा सोडल्यापासून माझ्या डोक्याचा उपयोग क्रेट ठेवण्यापुरताच.

दादाला दोन शौक. एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा, दुसरा रविवारचं झणझणीत सावजी मटण. पहिल्याने दुसरं बंद केलं. तोंड उघडेना, आत जळजळ. धंतोलीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल. तोवर तिखट पूर्ण बंद."

नागपुरात तिखट बंद! दादाने डॉक्टरांना विचारलं, "मग बाहेर जाऊन माणसानं खावं काय?"

बबलूने तिथेच बाकड्यावर बसून फोनला विचारलं, "बिना मिर्ची का खाना, नागपूर." फोनने एक ग्रीक दाखवलं, एक तुर्की दाखवलं.

दादा म्हणाला, "चला बापा. ऑपरेशनच्या आधी सगळे देश खाऊन घेऊ. मंग तोंड उघडते का नाही, कोणाले माहीत!"

* * *

अडचण एकच. मेनू इंग्रजीत. वाचता फक्त वहिनीला यायचं, आणि ती पहिल्या दिवशी आलीच नाही. म्हणाली, "तुमच्यासंग मोठ्या हॉटेलात? नाही वं माय!"

मग दादाने बाबांची युक्ती काढली. आमचे बाबा बैलबाजारात दलाल होते. सौदा रुमालाखाली व्हायचा. रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायची, भाव दोघांनाच कळायचा. दादाने नियम ठरवले. एक बोट दाबलं तर ओळखीचं काही मागवायचं. दोन दाबली तर शेजारच्या टेबलावर जे असेल ते. तीन दाबली तर मुकाट्याने उठायचं आणि निघायचं.

धरमपेठेतल्या ग्रीक हॉटेलात आम्ही तीन दांडगे पुरुष नॅपकिनखाली हात धरून बसलो. वेटर दोनदा आला आणि लाजून परत गेला!

शेवटी हमस आलं. मी चाखलं. चण्याचं पिठलं, तेही थंड. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. "ओ भाऊ! काल्लचं आहे का हे? गरम करून आणा!"

वेटर बिचारा घेऊन गेला. आतून चर्र आवाज आला. परत आलं तेव्हा वरून लसणाची फोडणी!

दादाने वाटी बोटाने पुसून खाल्ली. म्हणाला, "ग्रीसची माणसं ऐकून घेतात गा."

* * *

प्लेटचा किस्सा त्याच हॉटेलातला, दुसऱ्या खेपेचा. त्या दिवशी वहिनीही आली होती, ठेवणीतली साडी नेसून. जेवण झालं, गाणी लागली आणि मॅनेजरने प्रत्येकाच्या हातात एक पांढरी शुभ्र प्लेट दिली. म्हणे, आनंद झाला की तिकडे प्लेट जमिनीवर आपटतात.

मला ते पटेना. आमच्या घरी कपाचा कान तुटला तरी वहिनी त्यात तुळशीची मंजिरी ठेवते. गाणं थांबलं नेमकं तेव्हाच मी ओरडलो, "एवढी चांगली प्लेट काहून फोडाची?"

सगळं हॉटेल माझ्याकडे पाहायला लागलं. मॅनेजर म्हणाला, "सर, एन्जॉय!"

हे काय उत्तर आहे? पण लोकांनी धडाधड फोडल्या. बबलूनेही फोडली. मी घाबरून माझी टेबलाखाली सरकवली.

घरी आल्यावर दादाने शर्टाची बटणं काढली. पोटावर प्लेट!

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, चोरून आणली?"

"चोरून कशी वं? मले फोडाले देली होती. मी सावकाश फोडीन."

त्यानंतर तो रोज त्याच प्लेटीत जेवला. वहिनी विचारायची, "कधी फोडता मग?" तो म्हणायचा, "आनंद होऊ दे ना."

* * *

तुर्की हॉटेल मनीषनगरच्या पुढे. बाजार आटोपून पोचलो तेव्हा दुपार टळलेली, गिऱ्हाईक एकही नाही. मेनू वहिनीच्या हातात जायच्या आधीच दादाने रुमालाखाली माझी दोन बोटं दाबली. शेजारच्या टेबलावर जे असेल ते.

मी ऐटीत वेटरला म्हणालो, "ते जे खाऊन राहिले ना, तेच आणा. चार प्लेट!"

"सर, पण ते..."

"पण-बिण काही नाही. तेच!"

आलं. वरण-भात, वर तूप, बाजूला लिंबू. शेजारी बसले होते ते हॉटेलचे आचारी. त्यांची जेवायची वेळ झाली होती!

वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होती. मी मान वर करेना. दादा मात्र दोनदा वाढून घेऊन जेवला. तोवर त्याच्या तोंडात चमचा आडवा जात नव्हता, उभा घालावा लागायचा. निघताना तो मालकाला गंभीरपणे म्हणाला, "तुर्कस्तान आवडलं आपल्याले."

* * *

तिथेच दारात आइस्क्रीमवाला. लाल टोपी, हातात लांब दांडा. दादाने हात पुढे केला की तो कोन द्यायचा आणि परत ओढून घ्यायचा. द्यायचा, ओढायचा. भोवती पोरंटोरं खिदळत होती.

मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. आजारी माणसाची थट्टा! गेलो काउंटरवर चढून आणि धरला त्याचा दांडा. ओढाओढीत आइस्क्रीमचा अख्खा गोळा माझ्या छातीवर.

"आधी माझ्या भावाले दे! मंग नाच!"

पोरंटोरं मागे सरली. आइस्क्रीमवाल्याचे डोळे भरून आले. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अबे येड्या, हा खेळ असते. लोकं याचेच पैसे देतात."

बबलूने व्हिडिओ काढला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या कळमन्याने पाहिला. अजूनही हमाल मला हाक मारतात, "ओ तुर्कस्तान, क्रेट उचल!"

पण खरं सांगू? दादाने माझ्या शर्टावरचं बोटाने पुसून घेतलं आणि चाटलं. "थंड लागते रे. बरं वाटते," म्हणाला.

* * *

आर्मेनियन जेवण एका मोठ्या हॉटेलात, तेही चार दिवसांच्या खाद्यमेळ्यापुरतं. ऑपरेशनची तारीख लागली होती, म्हणून घाईने गेलो.

"आर्मेनिया कुठं आलं बे?" दादाने विचारलं.

बबलू म्हणाला, "कामठीच्या पुढे असन."

मोठी, पातळ, चादरीसारखी पोळी आली. लवाश म्हणतात. दादाने हातावर घेऊन पाहिली. "ही तर आपली लंबी रोटी! मायनं मडक्यावर टाकलेली." माय उपड्या मडक्यावर लंब्या रोट्या करायची. दादा चुलीपाशी बसायचा आणि मडकं तापलं की नाही ते तळहात जवळ नेऊन सांगायचा.

त्याला चावता येत नव्हतं. मी लवाशचे बारीक तुकडे करून सूपमध्ये भिजवत होतो. माझे हात क्रेटचे, तुकडे कसले, लगदाच झाला. दादाने खाल्ला.

मोठी टोपी घातलेला आचारी विचारायला आला, कसं वाटलं. दादा म्हणाला, "चांगलं आहे भाऊ. पण मडक्यावर टाकून पाहा एकदा."

"माझी मायही तेच म्हणते," आचारी म्हणाला. तो भंडाऱ्याचा निघाला!

* * *

ऑपरेशननंतर दादाच्या नाकातून नळी होती. बोलणं बंद. वॉर्डात मी स्टुलावर बसलेलो असताना त्याने चादरीखाली माझा हात धरला आणि बोटं दाबली. दोन.

मी शेजारी पाहिलं. बाजूच्या खाटेवर एक आजोबा शिरा खात होते.

"आजोबा, थोडासा देता का?"

त्यांनी अर्धा डबाच दिला. पण दादाच्या तोंडात काही घालायचं नव्हतं. मग मीच खाल्ला, आणि एकेका घासाला त्याला सांगत बसलो. "तूप भरपूर आहे दादा. वेलची आहे. हां, बेदाणा आला." तो डोळे मिटून ऐकत होता.

नर्सबाई आल्या. "अहो, पेशंटचं जेवण तुम्ही काहून खाऊन राहिले?"

तोंड भरलेलं. मी डबा मागे लपवला.

दादाने पुन्हा दाबली. दोन.

* * *

घाटावर दादाला अग्नी मीच द्यायचा होता. त्याला मूलबाळ नव्हतं. खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं दिलं. फेऱ्या झाल्या. गुरुजी म्हणाले, "आता मागे सोडा. फुटलं पाहिजे. मागे वळून बघायचं नाही."

मी मडक्यावरून हात फिरवला. नवं कोरं, गोल, पातळ बुडाचं. दोन-चार रोट्या टाकल्या असत्या तर मस्त तापलं असतं.

मी विचारलं, "एवढं चांगलं मडकं काहून फोडाचं?"

गुरुजींनी पुन्हा मागे हात दाखवला. आमचे मामा कोणालातरी म्हणाले, "पोरगं बावचळलं." लाकडावर तूप ओतणारा माणूस थांबला. मी मडकं आणखी घट्ट धरलं. कोणी काढून घ्यायला आलं असतं तर मी आइस्क्रीमवाल्यासारखं त्यालाही सोडलं नसतं.

बबलू जवळ आला. त्याने माझ्या खांद्यावरचा दुपट्टा खाली ओढला, दुपट्ट्याआड माझा मोकळा हात धरला आणि बोटं दाबली.

तीन.

मी मडकं सोडलं आणि चालायला लागलो.